हातात टिकावी, पोटात विरावी

घराघरातल्या औषधांच्या डब्यात असते ती ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलची पांढरी गोळी घ्या. तिच्याकडून आपण दोन उलट्या अपेक्षा ठेवतो. कारखान्यातून निघाल्यापासून ट्रक, गोदाम, दुकान, पिशवी असे हादरे खात ती आपल्यापर्यंत येते. वाटेत तिचा टवकाही उडता कामा नये. आणि गिळल्यावर पाणी लागताच काही मिनिटांत तिचा भुगा व्हायला हवा. जास्त दाबली तर पोटात फुटत नाही, कमी दाबली तर पाकिटातच मोडते. गोळी बनवणाऱ्याचं सगळं कसब या ओढाताणीत आहे.

पूड दाबून गोळी करण्याची कल्पना मुळात औषधाच्या दुकानातली नव्हे. विल्यम ब्रॉकेडन या इंग्रज चित्रकाराला पेन्सिलीसाठी चांगलं शिसं मिळेना. ग्रॅफाइटची पूड साच्यात दाबून त्याची कांडी करता येते, हे त्याच्या ध्यानात आलं आणि १८४३ साली त्याने साच्यात दाबून गोळ्या करण्याचं पेटंट घेतलं. आजचं अजस्र टॅबलेट मशीनही तेच करतं: एक साचा, त्याला म्हणायचं डाय, खालून एक दट्ट्या, वरून एक दट्ट्या, त्यांना म्हणायचं पंच.

या मशीनची एक गोष्ट कळली की बाकीची सगळी खटपट कशासाठी, ते उलगडतं. मशीन गोळीचं वजन करत नाही. खालचा पंच ठरावीक खोलीपर्यंत उतरतो, डायमध्ये तेवढी जागा रिकामी होते, पूड त्या जागेत घरंगळते, वरची जादा पूड पट्टीने सपाट होते आणि दोन्ही पंच एकमेकांकडे येऊन दाबतात. म्हणजे औषध भरलं जातं ते आकारमानाने. मोठ्या मशीनवर तासाला लाखाच्या वर गोळ्या निघतात, तेव्हा एकेक डाय भरायला सेकंदाचा अगदी लहानसा अंश मिळतो. तेवढ्यात पूड अडखळली, कुठे पोकळ बसली, कुठे गच्च, तर एका गोळीत औषध कमी आणि दुसरीत जास्त.

आणि पॅरासिटामॉल यात फार हट्टी आहे. त्याची बारीक पूड नीट वाहत नाही. शिवाय त्याचे स्फटिक दाबले तरी एकमेकांना धरत नाहीत. दाब सुटला की थोडे उसळून परत मूळ आकाराला येऊ पाहतात. नुसती पूड दाबली तर गोळी मशीनमधून बाहेर येताच तिचा वरचा पापुद्रा टोपीसारखा सुटतो. कारखान्यात याला कॅपिंग म्हणतात. म्हणून पुडीचे आधी दाणे करावे लागतात, ग्रॅन्युल्स.

औषध, थोडा स्टार्च आणि लागेल तो भरणा चाळून कोरडाच एकत्र करतात. मग मक्याच्या स्टार्चची खळ घालतात. खळ करताना स्टार्च आधी थंड पाण्यात कालवायचा आणि मग उकळत्या पाण्यात ओतून ढवळत राहायचं. थेट गरम पाण्यात टाकला की गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत मोडत नाहीत. मोठ्या बॅचला हे कालवण्याचं काम रॅपिड मिक्सर ग्रॅन्युलेटर करतो. तळाशी मोठं पातं, बाजूला वेगाने फिरणारं लहान पातं. खळ किती पुरे, हे हल्ली मोटरवर पडणाऱ्या भारावरून समजतं, पण जुना अनुभवी माणूस अजूनही ओला लगदा मुठीत घेऊन बघतो. मूठ आवळली की रव्याच्या लाडवासारखा गोळा वळला पाहिजे आणि अंगठ्याने दाबला की तो चिकट न होता खळकन फुटला पाहिजे. बोटांना चिकटला तर पाणी जास्त झालं. वळतच नसेल तर खळ कमी पडली. फार्मसीच्या विद्यार्थ्यांना पुस्तकातल्या आलेखाआधी हे हाताने दाखवावं, असं माझं ठाम मत आहे.

मग लगदा चाळणीतून काढायचा आणि वाळवायचा. वाळवण्याच्या यंत्रात, फ्लुइड बेड ड्रायरमध्ये, खालून गरम हवा येते आणि दाणे त्या हवेवर तरंगत सुकतात. इथे घाई चालत नाही. दाण्यात साधारण दोन-तीन टक्के ओल राहू द्यावी लागते. कोरडेठक्क दाणे एकमेकांना धरत नाहीत, पुन्हा कॅपिंग. ओल जास्त राहिली तर दाणे पंचाला चिकटतात आणि गोळीवर कोरलेल्या अक्षरांचे कान उडतात. गोव्याच्या वेर्ण्यात किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पावसाळ्यात बाहेर कितीही दमट असो, गोळ्यांच्या खोलीतली आर्द्रता ठरलेल्या मर्यादेत बांधून ठेवतात ती यासाठी.

वाळलेले दाणे पुन्हा चाळून त्यात शेवटच्या दोन गोष्टी पडतात. एक, गोळी फोडणारा पदार्थ: स्टार्च, सोडियम स्टार्च ग्लायकोलेट किंवा क्रॉसकारमेलोज. पाणी शोषून हा फुगतो आणि गोळीला आतून उचकटतो. बरेचदा याचा एक भाग दाणे करतानाच आत घालतात आणि उरलेला आता बाहेरून. बाहेरचा भाग गोळीचे दाणे सुटे करतो, आतला भाग दाण्यांची पूड करतो.

दुसरी गोष्ट मॅग्नेशियम स्टिअरेट, एक टक्का किंवा त्याहून कमी. गोळी डायच्या भिंतीला न घासता सुटावी म्हणून. दिसायला हे किरकोळ काम. पण सगळ्या प्रक्रियेत मला सर्वांत नाजूक वाटतं ते हेच. स्टिअरेट स्निग्ध आहे, पाण्याला दूर ठेवतं. ते फक्त काही मिनिटं, हलक्या हाताने मिसळायचं. जास्त वेळ फिरवलं तर प्रत्येक दाण्यावर त्याचा पातळ थर चढतो: दाणे एकमेकांना धरत नाहीत म्हणून गोळी मऊ पडते, आणि पाणी आत शिरत नाही म्हणून पोटात उशिरा फुटते. टिकणं आणि विरणं, दोन्ही एकदम बिघडतं. तेच घटक, तेच प्रमाण आणि तरीही बॅच वाया.

गोळी तयार झाली की तिची परीक्षा. इंडियन फार्माकोपिया, म्हणजे आपल्या देशातल्या औषधांच्या दर्जाचा अधिकृत ग्रंथ, १९५५ साली पहिल्यांदा निघाला. कसोट्या त्यात दिलेल्या असतात. वीस गोळ्यांचं एकेक करून वजन करतात. आपली ५०० मिलिग्रॅमची गोळी खळ, स्टार्च धरून समजा ५८० मिलिग्रॅम भरली, तर तिला पाच टक्के, म्हणजे २९ मिलिग्रॅम इकडेतिकडे चालतात. वीसपैकी दोनपेक्षा जास्त गोळ्या या मर्यादेबाहेर गेलेल्या चालत नाहीत. मग गोळ्या एका फिरत्या ढोलात टाकतात, मिनिटाला २५ फेरे याप्रमाणे चार मिनिटं. प्रत्येक फेऱ्याला गोळी वर उचलली जाते आणि खाली आपटते. शंभर आपटण्यांनंतर वजनात एक टक्क्याहून जास्त घट नको. ही टिकण्याची परीक्षा. विरण्याच्या परीक्षेत तळाला जाळी असलेल्या सहा नळ्यांत सहा गोळ्या ठेवून त्या ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात खालीवर करतात. लेप नसलेली साधी गोळी पंधरा मिनिटांत फुटून जाळीतून निघून गेली पाहिजे. फुटली म्हणजे विरघळली असं नाही, म्हणून किती औषध द्रावणात उतरलं, याचीही वेगळी मोजणी होते.

पॅरासिटामॉलमध्ये बहुतेक गोळी औषधाचीच असते. थायरॉइडच्या गोळीत याच्या उलट. २५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन समजा १०० मिलिग्रॅमच्या गोळीत असेल, तर चार हजार भागांत एक भाग औषध. ते एकदम मोठ्या ढिगात टाकलं तर कुठेतरी एकाच कोपऱ्यात राहील. म्हणून औषध आधी तेवढ्याच भरण्यात मिसळतात, मग त्या मिश्रणाइतकाच भरणा घालतात, मग पुन्हा तेवढाच. जुन्या औषधालयात खलात हेच करत. अशा गोळ्यांचं नुसतं वजन पाहून भागत नाही. एकेका गोळीतलं औषध मोजावं लागतं.

मलमाचा प्रश्न अगदी वेगळा. त्याला टिकायचंही आहे आणि बोटाखाली पसरायचंही. गजकर्णावरचं जुनं, स्वस्त व्हिटफील्डचं मलम घ्या. त्यात सहा टक्के बेंझोइक ॲसिड बुरशीला रोखतं आणि तीन टक्के सॅलिसिलिक ॲसिड त्वचेचा वरचा मृत थर सोडवतं. उरलेले ९१ भाग म्हणजे मलमाचा आधार: इमल्सिफाइंग वॅक्स, पांढरं पॅराफिन आणि द्रव पॅराफिन. हे पाण्याच्या वाफेवर वितळवायचं आणि गार होईपर्यंत ढवळत राहायचं. ढवळणं थांबलं की मेण आधी गोठतं आणि मलमात कण राहतात. पण फेटायचं नाही, हवा शिरते. दोन्ही ॲसिडं बारीक चाळून काचेच्या फरशीवर आधी थोड्याशाच आधारात घोटायची. इथे लोखंडी सुरी वापरली तर सॅलिसिलिक ॲसिड लोखंडाशी मिळून जांभळटपणा आणतं. मग हळूहळू उरलेला आधार मिसळायचा. परीक्षा दोन बोटांत: मलम चोळून बघायचं, खरखर लागता कामा नये. खरखर लागली तर आधीच दुखावलेल्या त्वचेवर ते ओरखडे काढेल.

क्रीममध्ये तेलाबरोबर पाणीही असतं. तेलाचा भाग आणि पाण्याचा भाग वेगवेगळे साधारण सत्तर अंशांपर्यंत तापवून मग एकत्र करतात. एक गरम आणि एक गार असेल तर मेण जागच्या जागी गोठतं. पाणी आलं की जंतू वाढण्याची भीती आली, म्हणून क्रीममध्ये परिरक्षक लागतो. पाणी नसलेल्या मलमाला सहसा त्याची गरज पडत नाही. ओलसर जखमेवर, घामाच्या जागी क्रीम बरं. कोरड्या, भेगाळलेल्या टाचेला मलम.

आता आपण घरी काय करतो, ते बघू. ॲसिडिटीवरची पँटोप्राझोलची गोळी जठरातल्या आम्लात टिकत नाही. म्हणून तिच्यावर असा लेप असतो जो आम्लात तसाच राहतो आणि पुढे लहान आतड्यात विरघळतो. ती कुटून दिली तर औषध जठरातच नासतं. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनची एसआर गोळी पाण्यात फुगून जेलीसारखी होते आणि औषध तासन्‌तास थोडं थोडं सोडते. कुटली तर दिवसभराचा डोस एकदम अंगावर येतो. या गोळीचा मऊ सांगाडा कधीकधी शौचात तसाच दिसतो आणि माणूस घाबरतो. औषध मात्र तोवर बाहेर पडून शरीरात गेलेलं असतं.

तेव्हा गोळीच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर अशी अक्षरं असतील किंवा एंटेरिक कोटेड लिहिलं असेल, तर ती मोडू नका, चावू नका, पाण्यात विरघळवू नका. मधोमध रेघ असली तरी आधी विचारून घ्या. मलमाचं माप सोपं आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ती दोन तळव्यांएवढ्या त्वचेला पुरते. घरात कुणाला गोळी गिळायला त्रास होत असेल, तर ती कुटण्याआधी डॉक्टरला किंवा औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला विचारा. अनेक औषधं सिरपमध्ये किंवा पाण्यात विरघळणाऱ्या गोळीच्या रूपातही मिळतात.