जवळचा चेहरा की लांबचा झेंडा?

कॅमेरा घेते म्हटल्याबरोबर आमच्या घरात सगळ्यांनाच कॅमेऱ्यातलं कळायला लागलं. हे म्हणाले, "मोबाइल आहे की हातात." मुलगा म्हणाला, "आई, डीएसएलआर आता कोण घेतं?" जाऊबाई म्हणाल्या, "जड काही घेऊ नकोस बाई, तुझी मान आधीच दुखते." मैत्रिणींनो, मागच्या वर्षी मी नवा मिक्सर आणला तेव्हा यातल्या एकानंही तोंड उघडलं नव्हतं. मिक्सर घराचा असतो ना! कॅमेरा माझा एकटीचा होणार होता, म्हणून एवढी चर्चा.

पैसे भिशीचे. नंबर लागला आणि वीस हजार हातात आले. आणि योगायोग असा की, त्याच आठवड्यात दोन कॅमेरे समोर आले, दोन्ही वापरलेले. पहिला आमच्या पेठेतल्या फोटोवाल्या दादांचा. निकॉनचा डी९०. २००८ सालचं मॉडेल, १२ मेगापिक्सेलचं. व्हिडिओ काढणारा तो पहिला डीएसएलआर, असं त्याचं त्या वेळी मोठं कौतुक झालं होतं. दादांनी आता नवा मिररलेस घेतलाय, म्हणून हा दोन लेन्सांसकट चौदा हजारांना. दुसरा पुण्याच्या भाचीचा. कॅननचा एसएक्स७४० एचएस. मॉडेल २०१८ चं, २० मेगापिक्सेल, चाळीस पट झूम. एका सहलीपुरता वापरून कपाटात पडलेला. "मामी, तुला अठराला देते," म्हणाली.

एक दहा वर्षांनी जुना आणि जाडजूड, दुसरा नवा आणि पर्समध्ये मावणारा. हे काय विचारायचं झालं, नवा घ्यावा! मलाही पहिले दोन दिवस असंच वाटलं.

पण मला कॅमेरा कशासाठी हवा होता ते आधी सांगते. माझी आई गेली तेव्हा हार घालायला तिचा फोटो सापडेना. चार भावंडांच्या चार लग्नांचे अल्बम काढून बसलो. आई प्रत्येक फोटोत होती, पण कुणाच्या तरी मागे, पदर सावरत, नाहीतर वाढताना पाठमोरी. शेवटी मतदान ओळखपत्रावरचा फोटो मोठा केला. आज आमच्या माहेरी भिंतीवर जी बाई आहे, ती माझी आई नाही. ती रांगेत उभं राहून वैतागलेली कोणी एक बाई आहे. तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी अशीच गोष्ट असेल, मला ठाऊक आहे. वडिलांचा फोटो स्टुडिओतला, फेटा-कोट घातलेला. आईचा, कापून काढलेला.

तर मला आमच्या गल्लीतल्या, नात्यातल्या म्हाताऱ्या बायकांचे नीट फोटो काढायचे होते. हे एक. आणि दुसरं म्हणजे मला हिंडायची हौस. गडावर जायचं, चणकापूरच्या धरणावर पाखरं बघायची. दोन्ही हौशी एकाच कॅमेऱ्यात बसतील असं मला वाटत होतं. इथंच सगळी मेख आहे.

दादांनी आणि भाचीनं, दोघांनीही आठवडाभर कॅमेरा वापरून बघायला दिला. नवरात्राचे दिवस होते. ललितापंचमीला आमच्याकडे हळदीकुंकू असतं. संध्याकाळी सातची वेळ, पुढच्या खोलीत एक ट्यूबलाइट, देवापाशी समई, आणि बायका एका जागी बसतात थोड्याच! आधी भाचीचा कॅमेरा घेतला. फोटो आले, पण ओटी भरणारे हात हललेले, आणि चेहरे मोठे करून पाहिले तर गालांवर रवा सांडल्यासारखे दाणे. फ्लॅश लावला तर सगळ्या जणी भूत बघितल्यासारख्या पांढऱ्याफटक. मग डी९० ला दादांची छोटी ५० ची लेन्स लावली आणि फ्लॅश न लावता तेच फोटो काढले. समईचा पिवळा उजेड शेजारच्या आजींच्या सुरकुत्यांत उतरला होता. नथीचा मोतीसुद्धा दिसत होता. मी बराच वेळ तो एकच फोटो बघत बसले.

असं का होतं, ते दादांनी मला पेठेत उभ्याउभ्या समजावलं. कॅमेऱ्यात उजेड झेलणारा एक तुकडा असतो, त्याला सेन्सर म्हणतात. डी९० मधला सुमारे २४ बाय १६ मिलिमीटरचा. भाचीच्या छोट्या कॅमेऱ्यातला जेमतेम ६ बाय साडेचार. म्हणजे क्षेत्रफळानं जवळजवळ तेरा पट फरक! पावसात अंगणात परात ठेवली आणि वाटी ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल? तसंच उजेडाचं. त्यात ५० च्या लेन्सचं तोंड मोठं, १.८ चं. छोट्या कॅमेऱ्याचं तोंड मोठ्यात मोठं उघडलं तरी ३.३, आणि पूर्ण झूम केला की ६.९, म्हणजे येणारा उजेड आणखी चौथाईपेक्षा कमी. हे आकडे उलटे चालतात बरं का, आकडा लहान तेवढं तोंड मोठं.

आता नव्याची बाजूही सांगायला हवी. दहा वर्षांत सेन्सर पुष्कळ सुधारले. त्यामुळे हा तेरा पटींचा फरक फोटोत तेरा पट दिसत नाही. भर उन्हात तर मला दोन्हींचे फोटो ओळखताही आले नाहीत. आणि मेगापिक्सेलचं म्हणाल, तर भिंतीवर लावायच्या आठ बाय बाराच्या फोटोला साडेआठ-नऊ मेगापिक्सेल पुरतात. २० च्या आकड्याला भुलायचं कारण नाही. पण म्हाताऱ्या बायका भर उन्हात नसतात हो. त्या स्वयंपाकघरात असतात, ओसरीत असतात, अंधाऱ्या मधल्या खोलीत लसूण सोलत बसलेल्या असतात.

मोबाइलचं काय, असं विचाराल. यांनीही तेच विचारलं होतं. खरं सांगते, अंधारात माझा मोबाइल भाचीच्या कॅमेऱ्यापेक्षा बरा फोटो काढतो. तो एकामागून एक चार-सहा फोटो घेऊन आतल्या आत जोडतो. पण आजींच्या सुरकुत्या पुसून तो त्यांना गुळगुळीत करून टाकतो. आमच्या शेजारच्या आजी त्यात प्लॅस्टिकच्या बाहुलीसारख्या दिसत होत्या.

दसऱ्याला गडावर गेले, तेव्हा मात्र पारडं फिरलं. सप्तशृंगीच्या शिखरावर वर्षातून दोनदा, चैत्रोत्सवात आणि नवरात्रात, रात्री ध्वज लावतात. तो मान दरेगावच्या गवळी कुटुंबाचा. ते सुळके बघितलेल्यांना विचारा, तिथं रात्रीचं चढणं म्हणजे काय असतं! सकाळी खाली उभं राहून सगळे माना वर करून झेंडा शोधतात. डी९० च्या १८-१०५ लेन्समधून मला तिथं नुसती एक रेघ दिसली. भाचीच्या कॅमेऱ्याचा झूम पूर्ण ताणला, आणि काय सांगू, काठी, कापड, कापडाची घडीसुद्धा! हिशेब केला तर तो कॅमेरा त्या लेन्सपेक्षा सहा पट जवळ नेतो. शेजारी धुळ्याकडच्या एक मावशी उभ्या होत्या, पायी आलेल्या. त्यांना पडद्यावर दाखवला तर त्यांनी कॅमेऱ्यालाच हात जोडले.

तसंच चणकापूरला. पाण्यात दूर दगडावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा डीएसएलआरमध्ये काळा ठिपका, छोट्या कॅमेऱ्यात अख्खा पक्षी, चोचीसकट. डीएसएलआरला एवढं जवळ नेणारी लेन्स घ्यायची तर कॅमेऱ्याच्या कितीतरी पट पैसे, आणि वजन वेगळंच. तेव्हा पाखरांची, गडकिल्ल्यांची हौस असेल, नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात जाणं होत असेल (२०२० मध्ये रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं ते पहिलं ठिकाण), तर डोळे मिटून मोठ्या झूमचा छोटा कॅमेरा घ्या. फक्त हात भिंतीला, नाहीतर झाडाला टेकवून फोटो काढा. एवढ्या झूमला श्वास घेतला तरी चित्र हलतं. आणि शक्यतो सकाळी काढा. दुपारच्या उन्हात हवाच थरथरते, धोडपची ती प्रसिद्ध खाच मला दुपारी पाण्यात बघावी तशी हलताना दिसली. हे कुठलाच कॅमेरा दुरुस्त करत नाही.

एक गोष्ट मात्र मला कुणीच सांगितली नव्हती. चाळिशीची! भाचीच्या कॅमेऱ्याला डोळा लावायची खिडकीच नाही, सगळं मागच्या पडद्यावर बघायचं. तिला पंचविशीत काही वाटत नाही. मला जवळचा चष्मा लावल्याशिवाय तो पडदा दिसत नाही, आणि चष्मा लावला की समोरचा डोंगर दिसत नाही. गडावर उन्हात तर पडद्यात माझाच चेहरा दिसत होता. डी९० च्या खिडकीशेजारी एक छोटं चाक आहे. ते फिरवून आपल्या डोळ्याच्या नंबराला जुळवलं की चष्म्याची कटकट नाही. मोठ्या झूमचे काही कॅमेरे अशी खिडकी असलेलेही मिळतात. तुमचं वय चाळिशीपुढं असेल तर दुकानात आधी तेवढं बघा.

वजनाचंही सांगायलाच हवं. भाचीचा कॅमेरा तीनशे ग्रॅम. डी९० लेन्ससकट किलोच्या वर. पण घागरी वाहिलेल्या, कडेवर पोरं नाचवलेल्या बायकांना किलोभर वजन झेपत नाही, हे आम्हाला कोण सांगतं, तर मोबाइलशिवाय काही न उचलणारी माणसं! होमाई व्यारावाला १९४० च्या दशकात दिल्लीत साडी नेसून सायकलवर हिंडत, आणि त्यांच्याकडे स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा असे. भारतातल्या त्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

जुना डीएसएलआर घ्यायचाच ठरवलं तर तपासून घ्या. २०२२ मध्ये निकॉननं डी३५०० आणि डी५६०० हे सामान्यांच्या खिशातले डीएसएलआर बनवणं थांबवलं, स्टुडिओवालेही मिररलेसकडे वळले, त्यामुळे जुने कॅमेरे बाजारात भरपूर आहेत आणि भावात घासाघीस होते. त्याचं शटर किती वेळा उघडलंय तो आकडा फोटोच्या फाइलमधून काढता येतो, तो काढून मागा. डी९० चं शटर लाखभर फोटोंच्या हिशेबानं बनवलेलं, दादांच्या कॅमेऱ्याचे साठ हजार झाले होते. लग्नसराईत राबलेला कॅमेरा म्हटल्यावर हे कमीच. लेन्स काढून मोबाइलची बॅटरी लावून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, नको म्हणा. कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच घ्या, इतक्या जुन्या कॅमेऱ्यांना ६४ चं बहुधा चालत नाही. आणि निकॉनच्या डी३१००, डी५१०० सारख्या लहान कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यांना जुनी स्वस्त ५० ची लेन्स लावली तर फोकस हातानं करावा लागतो. डी९० मध्ये मोटर आहे, म्हणून तर ती लेन्स मला उपयोगाची.

छोट्या कॅमेऱ्याचं तपासायला सोपं, पण बिघडला तर अवघड. लेन्स आतबाहेर होते, तिच्याबरोबर धूळ आत जाते, आणि आपल्याकडे कांद्याच्या दिवसांत धुळीला तोटा नाही. ती काढायला अख्खा कॅमेरा खोलावा लागतो. घेताना दहा वेळा चालू-बंद करून बघा, आवाज करकरला तर सोडून द्या.

मी डी९० घेतला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भाचीचा कॅमेरा तिला परत पाठवला आणि, खोटं कशाला बोलू, पाठवताना हात जड झाला. त्या झेंड्याचा फोटो परत कधी निघायचा नाही. उरलेल्या पैशांतून एक जादा बॅटरी आणि कार्ड घेतलं. उरलेले प्रिंटसाठी ठेवले.

फोटो काढायची माझी एक पद्धत झालीय. आजींना दारात, उजेड एका बाजूनं येईल असं बसवायचं, आणि कॅमेरा मांडीवर ठेवून आधी अर्धा तास गप्पा मारायच्या. डोकं विंचरलेलं नाही, लुगडं जुनं आहे, दात नाहीत, अशी सगळी कारणं त्यात निघून जातात. "मना फोटू कसाले व माय?" असं प्रत्येकीनं विचारलं. खरं कारण मी सांगत नाही, पण त्यांना ते कळतं. एका आजींनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाल्या, "हार घालाले बरा शे." मग आम्ही दोघी हसलो.

दिवाळीपासून एकोणीस जणींचे झाले. पाच जणींच्या मुलांनी प्रिंटचे पैसे आपणहून दिले, दोन डोहाळजेवणांची बोलावणीही आली, कारण बायकांच्या कार्यक्रमात फोटोवाली बाईच असली तर बरं, असं आता बऱ्याच जणींना वाटतं. सासूबाईंचा मात्र अजून राहिलाय. रोज म्हणते, रोज टाळतात. "कांदे लावून होऊ दे, मग बघू," म्हणाल्या आहेत. अजून दोन वाफे बाकी आहेत.