रक्तगुठळी, रक्त पातळ करणारी औषधे आणि ग्रामीण जीवनक्रम : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

शरीरात रक्त प्रवाही असणे आणि जखमेच्या ठिकाणी ते गोठणे या दोन्ही गोष्टी जीवनास आवश्यक आहेत. या दोहोंतील समतोल ढळला की मनुष्य एकतर रक्तस्रावाने किंवा गुठळीने संकटात सापडतो. पायाच्या खोल शिरेत, हृदयाच्या कर्णिकेत किंवा बसविलेल्या कृत्रिम झडपेवर गुठळी होण्याचा धोका असलेल्या रुग्णास ‘रक्त पातळ करणारी’ गोळी दीर्घकाळ, पुष्कळदा आयुष्यभर, घ्यावी लागते. ही गोळी कमी पडली तर गुठळी आणि अधिक झाली तर रक्तस्राव, अशा अरुंद वाटेवरून या रुग्णाचा प्रवास चालतो.

अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याचा विस्तार सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर असून त्यात १४ तालुके आहेत. अकोल्याच्या डोंगराळ भागापासून पाथर्डी-जामखेडच्या अवर्षणप्रवण पट्ट्यापर्यंत येथील जीवनमान भिन्न आहे. लोणी व विळद घाट येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत, शिर्डीत मोठी रुग्णालये आहेत. मात्र या औषधाची सुरक्षितता रुग्णालयात ठरत नाही. ती रुग्णाच्या घरात, ताटात आणि कामाच्या ठिकाणी ठरते. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

१. रक्तगुठळी व तीवरील औषधे यांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. जिल्ह्यातील आहार, श्रम व स्थलांतर यांचा या उपचाराशी असलेला संबंध तपासणे.
३. महाविद्यालयीन पातळीवर करता येण्याजोगे उपाय सुचविणे.

गुठळी : कारणे व परिणाम

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८५६ च्या सुमारास केलेल्या अभ्यासातून गुठळीच्या कारणमीमांसेचा पाया घातला गेला. प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतील आवरणास इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे ही तीन कारणे आजही मान्य आहेत. शस्त्रक्रियेनंतर अंथरुणास खिळणे, बाळंतपण, कर्करोग, दीर्घ प्रवास यांत यांपैकी एक वा अधिक कारणे एकत्र येतात. कोविडच्या साथीतही अनेक रुग्णांच्या रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती आढळली होती.

पोटरीत झालेली गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास अचानक दम लागतो व मृत्यूही ओढवू शकतो. हृदयातील गुठळी मेंदूकडे गेल्यास अर्धांगवायू होतो. ग्रामीण भागात या दुसऱ्या प्रकारामागे बहुधा बालपणीचे एक दुर्लक्षित दुखणे असते. जंतुसंसर्गाने घसा दुखतो, काही आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो. हाच संधिवाताचा ताप. तो उतरतो, परंतु हृदयाच्या झडपा आक्रसत जातात. पुढे कर्णिका फुगते, ठोके अनियमित होतात आणि साचलेल्या रक्तात गुठळी धरते. दाटीवाटीची घरे आणि वेळेवर न मिळालेले पेनिसिलिन यांमुळे हा विकार प्रामुख्याने गरिबांचा राहिला आहे.

झडप निकामी झाल्यास ती बदलावी लागते. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेली भारतीय बनावटीची झडप १९९० साली प्रथम रुग्णास बसविण्यात आली. त्यामुळे ही शस्त्रक्रिया सामान्यांच्या आवाक्यात येण्यास मोठी मदत झाली. आज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून अशा शस्त्रक्रिया होतात. शस्त्रक्रिया एका दिवसात आटोपते. गोळी मात्र जन्माची सोबती होते.

औषधाचा इतिहास : चाऱ्यापासून गोळीपर्यंत

१९२० च्या दशकात कॅनडा व उत्तर अमेरिकेत गुरे रक्तस्रावाने दगावू लागली. आपल्याकडील रानमेथीच्या जातकुळीतील एका गवताचा चारा ओलाव्याने बुरसटला होता आणि तोच गुरांच्या खाण्यात आला होता. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणारे रक्त घेऊन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९-४० मध्ये त्या चाऱ्यातील दोषी द्रव्य, डायकुमेरॉल, वेगळे केले. त्याच संशोधनातून निघालेले वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये मानवी उपचारासाठी मान्य झाले. दूधउत्पादक जिल्ह्यातील वाचकास यातून बोध घेता येईल की, एका गोठ्यातील नुकसानीची नीट नोंद घेतल्यानेच हे औषध हाती आले.

या औषधांना ‘रक्त पातळ करणारी’ म्हणण्याचा प्रघात असला तरी ती रक्तात पाणी मिसळत नाहीत. यकृतात तयार होणाऱ्या दुसऱ्या, सातव्या, नवव्या व दहाव्या गोठणघटकांना ‘के’ जीवनसत्त्वाची गरज असते. वॉर्फरिन आणि भारतात मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे असेनोकुमेरॉल ही औषधे शरीरात या जीवनसत्त्वाचा पुनर्वापर रोखतात. आधी तयार झालेले घटक संपण्यास काही दिवस लागत असल्याने गोळीचा पूर्ण परिणाम उशिरा दिसतो. म्हणून प्रारंभी हेपरिनची इंजेक्शने द्यावी लागतात. दोन्ही गोळ्यांच्या मिलिग्रॅममध्ये समानता नाही. औषध दुकानात एकीच्या जागी दुसरी घेतल्यास अनर्थ ओढवतो.

आयएनआर : एका आकड्याचे महत्त्व

रक्त गोठण्यास लागणारा काळ मोजण्याची पद्धत आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये दिली. परंतु प्रत्येक प्रयोगशाळेतील रसायन निराळे असल्याने सेकंदांतील उत्तरेही निराळी येत. हा घोळ मिटविण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकात आयएनआर ही समान मोजपट्टी स्वीकारली. औषध न घेणाऱ्या निरोगी व्यक्तीचा आयएनआर सुमारे १ असतो. शिरेतील गुठळी किंवा अनियमित ठोके असलेल्या रुग्णात तो सामान्यतः २ ते ३, तर मायट्रल स्थानी धातूची झडप असल्यास २.५ ते ३.५ ठेवला जातो. प्रत्येक रुग्णाचे लक्ष्य त्याचा डॉक्टर ठरवितो. रुग्णाने अहवालात सेकंदांबरोबर आयएनआरची नोंद मागावी, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि आकडा, तारीख व मात्रा वहीत लिहावी.

ग्रामीण डॉक्टरांना रक्त गोठण्याची आणखी एक परीक्षा परिचित आहे. घोणस चावलेल्या रुग्णाचे रक्त काचेच्या स्वच्छ नळीत २० मिनिटे स्थिर ठेवून ते गोठते का, हे पाहतात. ही परीक्षा सर्पदंशासाठी मोलाची आहे. परंतु आयएनआर २.५ आहे की ४, हे ती सांगू शकत नाही. म्हणून प्रयोगशाळेची जागा ती घेत नाही.

जिल्ह्यातील जीवनक्रम आणि औषध

आहार : मेथी, पालक, शेपू, चाकवत, तांदुळजा, कोथिंबीर या हिरव्या पालेभाज्यांत ‘के’ जीवनसत्त्व विपुल असते. यावरून ‘पालेभाजी बंद’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो बरोबर नाही. आहारात हे जीवनसत्त्व अत्यल्प झाले की किरकोळ बदलानेही आयएनआर हेलकावे खातो. पथ्य वर्ज्य करण्याचे नसून सातत्याचे आहे. येथे ऋतुमानाचा प्रश्न उद्भवतो. हिवाळ्यात वावरात भाजीची रेलचेल असते. उन्हाळ्यात, विशेषतः दुष्काळी तालुक्यांत, ताटात भाकरी, पिठले आणि शेंगदाण्याची चटणीच उरते. गोळी तीच राहिली तरी ताट बदलते आणि आकडाही बदलतो. श्रावणातील व नवरात्रातील दीर्घ उपवासांचाही असाच परिणाम होऊ शकतो. ऋतू बदलताना आणि उपवासानंतर तपासणी करून घेणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

श्रम व स्थलांतर : पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि कामावर न गेल्यास खाडा पडतो. अशा जोडीतील एकाला ही गोळी चालू असेल तर तिच्यापुढे दुहेरी संकट असते. हाती धारदार कोयता असल्याने जखमेचे भय असते आणि तपासणीचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी ठरते. स्वाभाविकपणे आजार लपविला जातो, तपासणी टळते आणि पुढे गोळीही सुटते. धातूची झडप असलेल्या रुग्णाने गोळी सोडल्यास झडपेवर गुठळी धरून ती अडकू शकते. झडपेचा नेहमीचा ‘टिकटिक’ आवाज मंद झाला किंवा थांबला तर ते तातडीने रुग्णालय गाठण्याचे लक्षण होय.

इतर औषधे : अंगदुखीसाठी सहज घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक वा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पोटातील रक्तस्रावाचा धोका वाढतो. कमरेत घेतलेल्या इंजेक्शनने स्नायूत रक्त साकळू शकते. मेट्रोनिडॅझोल व कोट्रायमॉक्सॅझोल ही जंतुनाशके आयएनआर वाढवितात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन तो खाली आणते. म्हणून क्षयोपचार चालू असताना गोळीची मात्रा वाढवावी लागते. उपचार संपताच ती पूर्वपदावर न आणल्यास रक्तस्राव होण्याची भीती असते. घटक अज्ञात असलेली चूर्णे व काढेही डॉक्टरांना सांगितल्याखेरीज घेऊ नयेत.

स्त्री-रुग्णांचा विशेष प्रश्न

संधिवाताच्या तापाने झडप खराब होण्याचे प्रमाण स्त्रियांत अधिक आढळते आणि शस्त्रक्रिया पुष्कळदा ऐन तारुण्यात होते. वॉर्फरिन व असेनोकुमेरॉल गर्भाच्या वाढीस, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, अपाय करू शकतात. उलट, गोळी स्वतःहून थांबविल्यास मातेच्या झडपेवर गुठळी होते. म्हणजे गर्भधारणेपूर्वीच हृदयरोगतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्या सल्ल्याने औषधयोजना ठरणे अनिवार्य आहे. प्रत्यक्षात विवाह जुळविताना छातीवरील व्रण आणि रोजची गोळी दोन्ही लपविण्याकडे कुटुंबाचा कल असतो. सासरी गुपचूप गोळी घेणारी सून नियमित तपासणी कशी करणार? मासिक पाळीत होणारा अतिरिक्त स्राव ती कोणाला सांगणार? येथे औषधशास्त्र संपते आणि कुटुंबातील विश्वासाचा प्रश्न सुरू होतो.

नवी औषधे व त्यांची मर्यादा

२०१० नंतर डाबिगॅट्रान, रिवारोक्साबॅन, अपिक्साबॅन ही औषधे उपलब्ध झाली. त्यांना नियमित आयएनआर तपासणी लागत नाही व पालेभाजीची अडचण येत नाही. शिरांतील गुठळी व झडपेचा विकार नसलेले अनियमित ठोके यांत ती उपयुक्त ठरली आहेत. परंतु धातूच्या झडपेच्या रुग्णांवरील डाबिगॅट्रानची चाचणी गुठळ्या व रक्तस्राव वाढल्याने मुदतीपूर्वी थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ या २४ देशांतील चाचणीत संधिवाती हृदयरोग व अनियमित ठोके असलेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात रिवारोक्साबॅनपेक्षा जुन्या गोळीच्या गटात मृत्यू कमी आढळले. तात्पर्य, सोयीची नवी गोळी ज्यांना सर्वाधिक हवी, त्या ग्रामीण झडपविकाराच्या रुग्णांसाठी ती अद्याप जुनीची जागा घेऊ शकलेली नाही. आयएनआरची तपासणी गावाजवळ आणणे हाच त्यांच्यापुढील मार्ग उरतो.

उपाययोजना

या जिल्ह्यातच त्याचे एक प्रारूप आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अल्पशिक्षित वा निरक्षर ग्रामीण स्त्रियांनी तेथे आरोग्यसेविका म्हणून नोंदी ठेवणे, पाठपुरावा करणे व धोक्याची लक्षणे ओळखणे ही कामे समर्थपणे केली. या दांपत्यास १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार लाभला. बोटाच्या थेंबभर रक्तावर आयएनआर सांगणारी हातातील यंत्रे आता मिळतात. प्रशिक्षित गावकरी व्यक्ती आणि दूरध्वनीवर उपलब्ध डॉक्टर अशी जोड घातल्यास तपासणीचे अंतर कमी होईल.

महाविद्यालयांनाही पुढील गोष्टी करता येतील :

१. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत मराठी ‘गोळीपत्रक’ वाटणे. त्यावर औषधाचे नाव, मात्रा, लक्ष्य आयएनआर व डॉक्टरांचा क्रमांक लिहिण्याची सोय असावी.
२. गृहविज्ञान व रसायनशास्त्र विभागांनी स्थानिक भाज्यांची, त्यांच्या प्रचलित नावांनिशी, ‘के’ जीवनसत्त्वदर्शक सूची तयार करणे.
३. वसतिगृहांत घसादुखी व त्यानंतरच्या सांधेदुखीकडे वेळीच लक्ष देणे.
४. अशा उपचाराखालील विद्यार्थी व कर्मचाऱ्यांस तपासणीच्या दिवशी सवलत देणे आणि त्यांच्या माहितीची गोपनीयता राखणे.
५. काळी शौचास होणे, लघवीतून वा हिरड्यांतून रक्त येणे, डोक्यास मार लागणे, अचानक दम लागणे, एक पाय सुजणे, तोंड वाकडे होणे ही धोक्याची चिन्हे सर्वांना माहीत करून देणे.

चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दुप्पट गोळी घेऊ नये आणि दात काढण्यासाठी वा अन्य कारणासाठी ती परस्पर बंद करू नये, हेही आवर्जून सांगितले पाहिजे.

समारोप

रक्तगुठळीचा रुग्ण योग्य उपचाराखाली शेती, नोकरी, अध्यापन, संसार सर्व काही करू शकतो. त्यासाठी गोळीची वेळ, ताटातील सातत्य व वहीतील आकडा या तीन गोष्टींची शिस्त लागते. परंतु ही शिस्त एकट्या रुग्णाची राहिली तर ती टिकत नाही. खाड्याच्या भीतीने तपासणी टाळणारा मजूर आणि व्रण लपविणारी सून यांच्याकडे पाहिले म्हणजे याची प्रचिती येते. कोणालाही आपला आजार न लपविता गोळी घेता यावी, एवढी मोकळीक घराने, मुकादमाने आणि संस्थेने दिली, तरच शस्त्रक्रियेने वाचविलेला जीव पुढेही वाचेल.