एका अक्षराचे अंतर

महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेतून फेरी मारली, तर शाळेच्या आसपास वह्या, कागद, शाई व पेन्सिली विकणारे एक तरी दुकान दृष्टीस पडते. दुकानावर बहुधा इंग्रजी फलक असतो आणि त्यावर ‘स्टेशनरी’ हा शब्द ठळक अक्षरांत रंगविलेला असतो. ह्या शब्दाचे शेवटून तिसरे अक्षर ‘ई’ असावयास हवे; परंतु कित्येक फलकांवर त्या जागी ‘ए’ काढलेला आढळतो. रंगाऱ्याच्या हातून फरक पडला तो एका अक्षराचा. पण अर्थ पार पालटला. ‘ई’ असेल तर लेखनसाहित्य, आणि ‘ए’ असेल तर स्थिर, जागचे न हलणारे!

दुकानात शिरणाऱ्या मुलाचे ह्या चुकीने काही अडत नाही. दौत-टाक पाहूनच तो आत शिरतो. परंतु हीच चूक नोकरीच्या अर्जात, कर्जाच्या कागदात किंवा दोन पक्षांमधील करारात झाली, म्हणजे तिची किंमत मोजावी लागते. वाचणारा अधिकारी अर्जदाराची योग्यता प्रथम त्याच्या अक्षरांवरूनच जोखीत असतो. आणि करारातील शब्दाचा अर्थ लावताना लिहिणाऱ्याच्या मनात काय होते, ह्यापेक्षा कागदावर काय उतरले आहे, हेच आधी पाहिले जाते.

असे शब्द ध्वनिक्षेपकापुढे कितीही स्वच्छ उच्चारले, तरी श्रोत्यांस त्यांतील भेद कळावयाचा नाही. कारण खुद्द इंग्रजांच्या तोंडीही ह्या जोडीचा उच्चार एकच आहे. भेद आहे तो केवळ डोळ्यांसाठी. म्हणून ह्या विषयाचे विवेचन करताना अक्षरे एकेक करून सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

मराठी मुलास हा प्रकार मोठा विचित्र वाटतो. बाळबोध लिपीत जसे बोलावे तसे लिहावे, हा संस्कार त्याच्यावर झालेला असतो. मग एका उच्चाराची दोन लेखने कशास हवीत, असे त्याच्या मनात येते. परंतु थोडा विचार केला, तर आपल्याही घरात असा व्यवहार आहे, हे ध्यानात येईल. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे दुबळा. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. ‘पाणि’ म्हणजे हात, तर ‘पाणी’ म्हणजे जल. भरभर बोलताना ऱ्हस्व-दीर्घाचा हा भेद पुष्कळांच्या कानांस जाणवतही नाही. पूर्वी तर माणसाचे ‘नांव’ अनुस्वार देऊन लिहीत आणि नदीतील ‘नाव’ अनुस्वारावाचून लिहीत. तो अनुस्वार कोणी उच्चारीत नसे. केवळ वाचणाऱ्याची सोय म्हणून तो तेथे असे. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. तेव्हापासून माणसाचे नाव आणि पाण्यातील नाव ह्यांतील निवड संदर्भावर सोपविली गेली. इंग्रजीने मात्र आपली अनुच्चारित चिन्हे पुष्कळ अंशी तशीच राखली आहेत. ती निरर्थक नाहीत. शब्द कोणत्या कुळातून आला, हे त्यांवरून बहुधा ओळखता येते. आणि कुळ ओळखले की घोकंपट्टीचे काम निम्म्याने कमी होते.

प्रथम ‘स्टेशनरी’चेच कुळ पाहू. मध्ययुगात युरोपात बहुतेक फेरीवाले माल पाठीवर घेऊन गावोगाव हिंडत. परंतु विद्यापीठांच्या गावी पुस्तके विकणारे काही दुकानदार एकाच जागी ठाण मांडून बसत. अशा दुकानदारास लॅटिन भाषेतील ‘ठिकाण’ ह्या अर्थाच्या शब्दावरून ‘स्टेशनर’ म्हणू लागले. लंडन शहरातील मुद्रक व ग्रंथविक्रेते ह्यांच्या संघास १५५७ साली राजाज्ञेची सनद मिळाली, तीही ह्याच ‘स्टेशनर’ नावाने. पुढे स्टेशनरच्या दुकानातील कागद, लेखण्या इत्यादी माल ती ‘स्टेशनरी’ झाली. बेकरची जशी बेकरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. आणि बेकर काय किंवा स्टेशनर काय, दोघांच्याही अंती ‘ई-आर्’ ही अक्षरे आहेत. दुकानदार आठवला की ‘ई’ आपोआप आठवते. ‘ए’चा शब्द मात्र गुण सांगणारा आहे: उभी राहिलेली गाडी ‘स्टेशनरी’ म्हणावयाची ती ‘ए’ लिहून.

दुसरी जोडी ‘प्रिन्सिपल’ची. दोन्ही शब्दांचा मूळपुरुष एकच. ‘पहिला’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द तो. एका शब्दाच्या शेवटी ‘ए-एल्’ आहे, त्याचा अर्थ मुख्य. ‘नॅशनल’, ‘सेंट्रल’, ‘जनरल’ ह्या विशेषणांच्या अंती जी दोन अक्षरे दिसतात, तीच ही. महाविद्यालयाचा मुख्य तो प्रिन्सिपल, आणि कर्जातील मुख्य रक्कम, म्हणजे आपली मुद्दल, तीही प्रिन्सिपलच. दुसऱ्या शब्दाच्या शेवटी ‘एल्-ई’ आहे. त्याचा अर्थ तत्त्व. नियम ह्या अर्थाचा ‘रूल’ हा शब्दही ‘एल्-ई’ ह्याच अक्षरांनी संपतो. तत्त्व आणि नियम ही भावंडे म्हणून एकत्र ध्यानात ठेवावीत. एखाद्या ऋणकोने ‘मुद्दल फेडावयास तयार आहे’ असे लिहिताना ‘एल्-ई’चा शब्द योजला, तर ‘तत्त्व फेडावयास तयार आहे’ असा अर्थ होईल, आणि सावकाराच्या मुनिमास हसण्यास एक कारण मिळेल.

तिसरी जोडी ‘कॉम्प्लिमेंट’. ह्यात ‘एल्’ नंतर ‘ई’ आली तर उणीव भरून काढणारे, पूरक असा अर्थ होतो. ‘पूर्ण’ ह्या अर्थाच्या ‘कम्प्लीट’ शब्दातही ‘एल्’ नंतर ‘ई’ आहेच. त्या जागी ‘आय’ आला तर स्तुती, प्रशंसा. ‘तिच्या साडीस तो दागिना पूरक आहे’ आणि ‘तिने त्या दागिन्याची वाखाणणी केली’ ह्या दोन वाक्यांत जे अंतर, तेच ह्या दोन अक्षरांत आहे.

चौथी जोडी कायद्याच्या व कचेरीच्या कामात विशेष जपून वापरावी लागते. ‘ए’ने आरंभ होणारा ‘अफेक्ट’ हा बहुधा क्रियापद असतो. त्याचा अर्थ परिणाम करणे. ‘ई’ने आरंभ होणारा ‘इफेक्ट’ हा बहुधा नाम असतो. त्याचा अर्थ परिणाम. अवर्षण पिकास ‘अफेक्ट’ करते. पीक बुडणे हा अवर्षणाचा ‘इफेक्ट’. येथवर सोपे आहे. परंतु ‘इफेक्ट’ हे क्रियापद म्हणूनही येते, आणि तेव्हा त्याचा अर्थ घडवून आणणे असा होतो. दोन भावांच्या भांडणात पंचांनी तडजोड ‘इफेक्ट’ केली, म्हणजे ती घडवून आणली. पंचांच्या कृतीने तडजोड ‘अफेक्ट’ झाली, असे लिहिले तर तडजोडीवर काही परिणाम झाला, कदाचित ती बिघडली, असा अर्थ निघेल. एका अक्षराने मिटलेला तंटा पुन्हा उभा राहतो!

ह्यावरून असा समज होण्याचा संभव आहे, की ही लेखने आरंभापासून ठरलेली आहेत व ती कधी बदलतच नाहीत. वस्तुस्थिती तशी नाही. फूल आणि पीठ ह्या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द, ‘फ्लॉवर’ आणि ‘फ्लावर’, हे मुळात एकच. दळणातील सर्वांत बारीक, उत्तम भाग तो धान्याचे जणू फूल, ह्या कल्पनेने पिठास ते नाव मिळाले. डॉक्टर जॉन्सनच्या १७५५ सालच्या प्रसिद्ध कोशातही ह्या दोहोंना वेगळी लेखने नाहीत. पुढे वाचकांचा घोटाळा टळावा म्हणून ती वेगळी रूढ झाली. तसेच, अभ्यास किंवा व्यवसाय ह्या अर्थाच्या ‘प्रॅक्टिस’ शब्दात इंग्रज मनुष्य नामाच्या ठिकाणी ‘सी’ आणि क्रियापदाच्या ठिकाणी ‘एस्’ लिहितो. अमेरिकन मनुष्य दोन्हीकडे ‘सी’च लिहितो. भारतात ब्रिटिश पद्धत अधिक रूढ आहे. ती लक्षात ठेवावयाची असेल, तर ‘अ‍ॅडव्हाइस’ म्हणजे सल्ला आणि ‘अ‍ॅडव्हाइझ’ म्हणजे सल्ला देणे, ही जोडी आठवावी. तीतही नामात ‘सी’ आणि क्रियापदात ‘एस्’ आहे, शिवाय उच्चारातही भेद ऐकू येतो. एका जोडीच्या आधाराने दुसरी पाठ होते. तात्पर्य, लेखन हा समाजाने वाचणाऱ्याच्या सोयीसाठी केलेला करार आहे, आणि करार पाळणे हे सुशिक्षिताचे कर्तव्य होय.

शिकणाऱ्यांनी एक गोष्ट पाळावी. दोन्ही शब्द एकाच दिवशी शेजारी-शेजारी मांडून पाठ करू नयेत; तसे केल्याने दोन्हींची सरमिसळ होते. आधी एक शब्द वाक्यात घालून, दहा वेळा लिहून पक्का करावा, आणि तो हातात मुरल्यावर मगच दुसऱ्याकडे वळावे. पालकांनीही मुलास केवळ ‘चूक’ म्हणून थांबू नये. त्याने लिहिलेल्या शब्दाचा खरा अर्थ काय होतो, ते त्याला सांगावे. हसत हसत कळलेली चूक सहसा पुन्हा होत नाही. हल्ली संगणक अशुद्ध शब्दाखाली तांबडी रेघ ओढून देतो, ही मोठी सोय आहे खरी. परंतु येथे तिच्यावर भरवसा ठेवून चालत नाही. लिहिलेला शब्द कोशात आहे की नाही, एवढेच साधा तपासनीस पाहतो. आणि ह्या जोड्यांतील दोन्ही शब्द कोशात असतातच. योग्य कोणता, ह्याचा निवाडा अखेर लिहिणाऱ्यालाच करावा लागतो.

बाजारपेठेतील त्या फलकाकडे आता पुन्हा पाहावे. रंगाऱ्याची चूक ती चूकच. परंतु तिच्यात इतिहासाचा एक धागा गुंतलेला आहे. ज्या दुकानदारावरून त्या मालास नाव पडले, तो खरोखरच एका जागी स्थिर बसणारा होता. एवढे ज्याला उमगले, त्याच्या हातून ते अक्षर पुन्हा चुकावयाचे नाही.