रविवारच्या सुटीचे वारस

रविवारीं घरांतील सर्व मंडळी एकत्र जेवावयास बसतात. ही सुटी आपणांस निसर्गानेंच दिली आहे, अशी आपली समजूत असते. गिरणींतील मजुरास मात्र ती झगडून मिळवावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणी-कामगारांची संघटना स्थापिली. अर्ज केले, सभा भरविल्या. आणि १० जून १८९० रोजीं मालकांनीं ही मागणी मान्य केली.

आज त्याच रविवारीं आपल्या दारीं जेवण पोहोंचविणाऱ्या तरुणास, "तुझा संघ कोणता?" असें विचारलें, तर बहुधा तो नुसता हंसेल.

असें कां व्हावें? जुन्या संघांचें बळ गिरणीच्या दरवाजाशीं होतें. पाळी सुटली कीं हजारों कामगार तेथें भेटत. पुढें १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानें एका धंद्यांत एकाच संघास प्रातिनिधिक मानलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हां कामगार एकाच्या मागें आणि कायद्याची मान्यता दुसऱ्यास, असा विपरीत प्रकार झाला. तो संप रीतसर मागें घेतला गेलाच नाहीं. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडल्या.

आतांच्या या श्रमिकास ना गिरणी, ना दरवाजा. हातांतील मोबाइल हाच त्याचा मुकादम, आणि कंपनी त्यास नोकर न म्हणतां 'भागीदार' म्हणते! मग मागणी करावी कोणापाशीं? २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत त्याचें नांव आलें खरें. परंतु कायद्यांत नांव येणें निराळें आणि मालकासमोर बसून वाटाघाट करतां येणें निराळें.

तथापि सर्व दोष परिस्थितीचा नव्हे. एकाच पुढाऱ्यावर विसंबणें आणि स्त्रियांस व कंत्राटी मजुरांस दूर ठेवणें, या जुन्या खोडी संघांस भोंवल्या आहेत. त्या टाकल्यास मार्ग सांपडतो. इला भट्ट यांनीं १९७२ सालीं अहमदाबादेंत 'सेवा' स्थापिली, तेव्हां मालकच नाहीं तर संघ कसला, असा आक्षेप निघाला. पण शेवटीं नोंदणी झालीच. पुण्यांत १९९३ सालीं कचरा वेंचणाऱ्यांची, बहुतांशीं स्त्रियांची, 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. २००८ सालीं महानगरपालिकेनें त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशीं घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला.

संघांनीं आपलें घर सुधारावेंच. पण आपल्या घराचें काय? आपल्याकडे भांडीं घासावयास येणाऱ्या बाईस आठवड्यांतून एक दिवस भरपगारी सुटी आहे काय? नसल्यास लोखंड्यांचें काम आपल्या स्वयंपाकघरापर्यंत अद्याप पोहोंचावयाचें आहे.