जावाचे गाठोडे आणि परवानगीची किल्ली

शाळेच्या संगणकावर एखादा प्रोग्रॅम उतरवून घ्यावा, त्याच्या नावाशेवटी ‘जार’ ही अक्षरे असावीत, आणि चालवू गेल्यास ‘परवानगी नाही’ असे उत्तर यावे, हा अनुभव आपल्यापैकी काही शिक्षकांना असेल. मग कोणीतरी सांगतो, ‘गुरुजी, प्रशासक म्हणून चालवा, झाले!’ सल्ला सोपा खरा, पण घातक.

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९५ साली जाहीर केली. जार म्हणजे जावा प्रोग्रॅमचे सगळे भाग एकत्र बांधलेले गाठोडे. आतून ती झिप फाईलच. मौज अशी, की हे गाठोडे स्वतः चालत नाही. ‘जावा’ नावाचा चालक ते उघडून वाचतो व आतल्या आज्ञा पाळतो. म्हणून लिनक्सवर ‘जावा’ला आज्ञा देऊन ते चालविले, तर फाईलवर ‘चालविण्याची’ परवानगी नसली तरी अडत नाही. ‘वाचण्याची’ मात्र हवीच.

आता पुढचा प्रश्न. चालू झालेल्या प्रोग्रॅमला अधिकार कोणाचे? चालविणाऱ्याचे! तुम्ही प्रशासक होऊन तो चालविला, म्हणजे पाहुण्याला ओसरीवर बसविण्याऐवजी वाड्याच्या साऱ्या किल्ल्याच दिल्या. बहुधा अडचण एवढीच असते, की प्रोग्रॅमला आपली नोंद लिहायची असते आणि त्या फोल्डरात लिहायला बंदी असते. तेव्हा तेवढ्याच फोल्डरात लिहिण्याची मुभा द्यावी. सरसकट ‘७७७’ लावू नये. त्याने वाचणे, लिहिणे, चालविणे हे तिन्ही हक्क सर्वांनाच मिळतात.

पूर्वी जावाचा घरचा पहारेकरीही असे, ‘सिक्युरिटी मॅनेजर’. कोणत्या गाठोड्याने कोणती फाईल वाचावी, लिहावी, पुसावी, हे १९९८ च्या ‘जावा २’पासून धोरणाच्या फाईलीत लिहून ठेवता येई. कल्पना नामी होती, पण ती लिहिणे किचकट, आणि वापरणारे थोडे. २०२१ साली, सतराव्या आवृत्तीत, त्याला निरोप देण्याचे ठरले. २०२५ च्या चोविसाव्या आवृत्तीत तो कायमचा बंद झाला. नव्या जावावर आता पहारा संगणकाच्या मूळ प्रणालीचा.

गाठोड्यावर सही असते, तिचे काय? सहीवरून ते कोणी बांधले आणि वाटेत कोणी उघडून बदलले का, एवढे कळते. आतला माल चांगला की वाईट, हे सही सांगत नाही. म्हणून अनोळखी जार चालवायचीच असेल, तर त्यासाठी संगणकावर कमी अधिकारांचे वेगळे खाते उघडा, आणि मुलांच्या गुणपत्रिका त्या खात्याला दिसणार नाहीत अशा ठेवा.