व्यायामाची वेळ कोणती?



व्यायाम केव्हा करावा, असे विचारले की आपल्याकडे उत्तर ठरलेले असते : पहाटे. तालमीच्या मातीत वाढलेला किंवा घरी आजोबांचे सूर्यनमस्कार पाहिलेला कोणीही हेच सांगेल. परंतु मध्यंतरी यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या एका गृहस्थांनी मला विचारले, "माझी पहाट मागापाशीच उजाडते. रक्तात साखर वाढली आहे, डॉक्टर चालायला सांगतात. मग मी काय करावे?" पहाट साधत नाही म्हणून त्यांनी चालणेच सोडून दिले होते. आजचे विवेचन हे त्यांच्या प्रश्नाचे उत्तर समजावे.

प्रथम शरीराचे घड्याळ पाहू. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडाशी जुळवून घेत तो साऱ्या शरीराचे वेळापत्रक राखतो. हे घड्याळ पेशीच्या आत कसे चालते, याचा उलगडा केल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळाप्रमाणे शरीराची आतली ऊब पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत कमी असते आणि संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान सर्वांत अधिक. फरक अर्ध्या ते एक अंशाचाच. पण तेवढ्यानेही स्नायू सैल होतात आणि जोर किंचित वाढतो. म्हणून वजन उचलणे, वेगाने धावणे ही कामे बहुतेकांना संध्याकाळी सोपी जातात. पहाटे अंग आखडलेले असते. तेव्हा आधी दहा-पंधरा मिनिटे सावकाश हालचाल करून मगच जोर-बैठकांकडे वळावे.

मग पहाटेचा आग्रह चुकीचा काय? तसे नव्हे. शरीर सवयीचे आहे. रोज ज्या वेळी श्रम करावेत, त्या वेळेस ते हळूहळू तयार होते. शिवाय पहाटे पाहुणा येत नाही, कामाचा निरोप येत नाही. नेम मोडण्याची कारणे कमी पडतात. पहाटेचा मोठा गुण हा आहे.

आपल्या सोलापुरात आणखी एक घड्याळ चालते, ते सूर्याचे. स्नायू जेवढी शक्ती खर्च करतात तिच्यापैकी पाचवा ते चौथा हिस्साच कामी येतो. उरलेल्या शक्तीची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचे मोठे साधन म्हणजे घाम. एक लिटर घाम अंगावर पुरता वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. एप्रिल-मे महिन्यांत येथील तपमान ४० अंशांच्या वर जाते. त्वचा साधारण ३५ अंशांची, म्हणजे हवाच आपल्याला तापवू लागते आणि सारा भार घामावर पडतो. दिवसाचा सर्वांत कडक ताप भर दुपारी बाराला नसतो, तीन-चारच्या सुमारास असतो; आणि तापलेली डांबरी सडक व दगडी भिंती सूर्यास्तानंतरही ऊब सोडत राहतात. म्हणून मे महिन्यात सहाच्या आत सूर्य उगवतो तेव्हाच सिद्धेश्वर तलावाच्या काठी फेरी सुरू करावी आणि साडेसातपर्यंत घर गाठावे. संध्याकाळी निघायचे तर दिवेलागणीनंतर.

वाग्भटाने हे फार पूर्वी ओळखले होते. बलवान माणसानेही थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून सौम्य, असे त्याचे सांगणे आहे. अर्धी शक्ती ओळखायची कशी? तोंडाने श्वास घ्यावा लागू लागला की थांबावे, ही सुश्रुताची खूण. आजचे डॉक्टर सांगतात : चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

जेवणाचाही विचार हवा. पोटभर जेवणानंतर दोन-तीन तास जड व्यायाम करू नये. पण जेवून दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालले, तर रक्तातील साखरेची चढ कमी होते. इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी आणि खिशात साखर ठेवावी. छातीत दाटले किंवा चक्कर आली तर, वेळ कोणतीही असो, तेथेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

आणि झोप! रात्री बाराला निजून चारला उठणारा माणूस एका हाताने आरोग्य मिळवतो आणि दुसऱ्या हाताने गमावतो. प्रौढ माणसाला सात तास झोप लागते. तिच्यात काटछाट करून व्यायाम करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सांगितले. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. आणि तो तुकड्यातुकड्यांनी केला तरी चालतो. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या भगिनीची सकाळ पाणी भरण्यात आणि डब्यांत जाते. तिने दुपारच्या कामात मधूनमधून उठावे आणि रात्री जेवणानंतर शेजारणीला घेऊन पंधरा मिनिटे चालावे. तो व्यायामच आहे.

त्या गृहस्थांना मी सांगितले : पाळीवरून आलात की आधी निजा. उठल्यावर, ऊन उतरले की, कामावर जाण्यापूर्वी अर्धा तास चाला. तीच तुमची पहाट.

१८७७ साली येथे पहिली कापड गिरणी निघाली आणि पुढे कित्येक वर्षे भोंग्यावर हे शहर उठले, जेवले, निजले. त्या जुन्या गिरण्या आता बंद पडल्या. साऱ्या गावाला एकाच वेळी उठवणारा भोंगा उरला नाही. आपली वेळ ज्याची त्यानेच नेमली पाहिजे. ती उन्हापासून दूर असावी, झोपेला धक्का न लावणारी असावी आणि उद्याही पाळता येईल अशी असावी. एवढे जमले, तर घड्याळात किती वाजले याची फारशी चिंता करू नये.