बेडकाचे मीठ

प्रवरेचे पाणी गोडे. त्यात जन्म काढणाऱ्या बेडकाच्या अंगातले मीठ धुऊन का जात नाही, हा प्रश्न बेलापूरच्या श्रोत्यांपुढे ठेवण्याजोगा आम्हांस वाटतो. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ते कातडीवाटे आत शिरते आणि मूत्रपिंडास ते सारखे उपसावे लागते. या उपशाबरोबर निघालेले सोडियम तेथील पेशी वाटेतच परत घेतात. त्यासाठी पेशीच्या पातळ पडद्याला खास सोडियमपुरती दारे असतात.

झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या मूत्रपिंडातील पेशी काचपात्रात वाढवून शास्त्रज्ञांनी हे दार तपासले. (प्रवरेत हा बेडूक नाही; पण आपल्या बेडकाची अडचणही तीच.) दार एका प्रथिनाचे नव्हे, आल्फा, बीटा, गॅमा अशा तिघा भावंडांचे निघाले. प्रत्येकजण पडदा दोनदा ओलांडतो. दोन्ही टोके पेशीच्या आत, मधला मोठा फुगवटा बाहेर. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक दारांची संख्या वाढवते.

हीच भावंडे माणसातही आहेत. काही घराण्यांत तरुणपणीच रक्तदाब चढतो. त्यांच्यात बीटाचे आतले शेपूट तुटलेले असते, असे १९९४ साली आढळले. शेपटाच्या खुणेवाचून जुनी दारे वेळेवर काढली जात नाहीत आणि मीठ अंगात साठते. अमिलोराइड हे औषध नेमके हेच दार बुजवते, म्हणून अशा रोग्यांस त्याने गुण येतो.